जुन्या पिकअपचा अल्टरनेटर मोठा करायचाय (बेंजोची गाडी आहे, चार चार तास चालत्या माणसाच्या स्पीडने)

बेंजोवाला_चिपळूण
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची महिंद्रा पिकअप, २५२३ सीसी डीआय इंजिन, साधा मेकॅनिकल पंप, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. एरवी भाडी मारतो, आंबा असो चिरा असो मिळेल ते, आणि लग्नसराई, शिमगा, गणपतीला हीच गाडी आमच्या बेंजो पार्टीला (वरातीत वाजवणारा बँड). आधी हौद्यात पेट्रोलचा छोटा जनरेटर ठेवायचो पण त्याचा धूर सगळा वाजवणाऱ्या पोरांच्या तोंडावर आणि आवाज असा की ऑक्टोपॅडवाल्याला स्वतःचंच ऐकू येत नाही. म्हणून यावर्षी इन्व्हर्टर घेतला आणि गाडीच्या बॅटरीवर लावला. वरात निघाली की साधारण तासाभरात इन्व्हर्टर टीं टीं करायला लागतो आणि हेडलाईट पिवळे.

अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामो, त्याच्या प्लेटवर १२ व्होल्ट ४५ अँपिअर लिहिलंय. बॅटरी ८० एएच (अँपिअर-तास), नवीनच आहे. एक वायरमन म्हणतो ९० चा टाक, दुसरा म्हणतो कारचा १२० चा जुन्या बाजारात स्वस्त मिळतो तो बसवून देतो, तिसरा म्हणतो ट्रकचा २४ व्होल्टचा आणून दोन बॅटऱ्या कर. कोणाचं ऐकू? कोणी केलंय का असं काही?

खालूबाजा_फॅन
खालू बाजा लावा. ढोल, ताशा, सनई. शून्य अँपिअर.

बेंजोवाला_चिपळूण
@खालूबाजा_फॅन भाऊ तुमच्या घरी लग्न असेल तेव्हा नक्की. आमच्याकडे नवऱ्या मुलाचे मित्र गाण्यांची लिस्ट घेऊन येतात.

पुणेरी_मल्टीमीटर
अल्टरनेटरकडे वळण्याआधी लोड सांगा. अॅम्प्लिफायर किती वॅटचा, लाईट किती, अजून काय काय आहे. लोड माहीत नसताना ९० की १२० हे विचारण्याला काही अर्थ नाही.

वायरमन_इस्लामपूर
दादा थांबा जरा, कुणाचंच ऐकू नका अजून. पयला प्रश्न हा की तुमच्या अल्टरनेटरच्या पाठीमागं व्हॅक्यूम पंप हाय का. डीआय पिकअप म्हणजे असणारच. त्या पंपावर तुमच्या ब्रेकचा बूस्टर चालतोय. जो कोण कारचा १२० चा बसवून देतो म्हणतोय त्याला विचारा की बाबा मागचा पंप कुठं लावणार. पेट्रोल कारच्या अल्टरनेटरला मागं पंप नसतोय. तो बसवला तर गाडी चार्जिंग झकास करंल आणि ब्रेक दाबताना दोन्ही पाय लावावे लागतील. म्या असली गाडी बघितली हाय, कुणीतरी पंपाच्या पाईपा बोल्ट मारून बंद केल्या हुत्या आन मालकाला वाटत हुतं ब्रेक लायनर घासलंत.

घाटकरी
हे वरचं शंभर टक्के बरोबर, आणि चिपळूणची गाडी म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक असतो तोवर दोनतीन वेळा ब्रेक नीट लागतो त्यामुळे गॅरेजच्या दारात चक्कर मारली की कळतच नाही काही. उतारावर लोड घेऊन आलात की कळतं. कृपया असा प्रकार करू नका.

बेंजोवाला_चिपळूण
बापरे. हो, मागे पंप आहे, आत्ताच टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं. दोन पाईप ऑइलचे आणि एक जाड पाईप बूस्टरकडे जातो. हे कोणीच बोललं नव्हतं.

लोड सांगतो. अॅम्प्लिफायरवर ८०० वॅट लिहिलंय, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, छोटा मिक्सर, दोन वायरलेस माईक, आणि हौद्याला सहा एलईडी पार लाईट. इन्व्हर्टर १५०० वॅटचा, चायनीज.

पुणेरी_मल्टीमीटर
हं, आता हिशोब होईल. अॅम्प्लिफायर ८०० चा असला तरी गाणं म्हणजे सलग सूर नाही, जोरात वाजवलं तरी सरासरी तिसरा हिस्सा धरा, २७० वॅट. लाईट ९० च्या आसपास, बाकी किरकोळ ४०-५०. म्हणजे ४०० वॅट. इन्व्हर्टर स्वतः पंधरा टक्के खातो, म्हणजे बॅटरीतून ४७० वॅट, भागिले १२, झाले ३९ अँपिअर. त्यात गाडीचे हेडलाईट ५५ चे दोन म्हणजे ९ अँपिअर, टेललाईट मीटर वगैरे ४-५. एकूण ५३ धरा.

आता तुमचा ४५ चा अल्टरनेटर. ४५ हा आकडा अल्टरनेटर स्वतः पाच-सहा हजार आरपीएमला फिरत असतानाचा असतो. वरातीत इंजिन आयडलला (रेस न देता), ७५०-८०० आरपीएम, पुली दुप्पट फिरवते असं धरलं तर अल्टरनेटर १६०० ला फिरतोय. तिथे तो प्लेटवरच्या आकड्याच्या तिसरा हिस्सा ते निम्मा एवढंच देतो, आणि गरम झाला की त्यातलेही दहापंधरा टक्के गळतात. म्हणजे तुमच्या हातात येतात १८ ते २० अँपिअर. ५३ वजा २० म्हणजे ३३ अँपिअर बॅटरीतून जातायत सतत. ८० एएच बॅटरीचे निम्मे ४० एएच काढले की व्होल्टेज पडलंच. सव्वा तास. तुम्ही म्हणालात तासाभरात टीं टीं, जुळतंय.

ही गोष्ट लोक विसरतात. हायवेवर पळणाऱ्या गाडीला प्लेटवरचा आकडा चालतो, तुमच्या गाडीला आयडलचा आकडा बघावा लागेल. दुकानदाराला "आयडलला किती देतो" विचारा, बहुतेक तो तुमच्याकडे बघत बसेल.

टेक्सासकर
इकडून एक वेगळा अनुभव. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली फोर्ड एफ-१५० आहे, शनिवार-रविवारचा उद्योग. तिच्यात त्या काळचा जो अल्टरनेटर येतो त्याला इथे सगळे टू-जी म्हणतात, आणि त्याच्या बाजूच्या प्लगमध्ये करंट जास्त झाला की टर्मिनल वितळतात हे जगजाहीर आहे, काही गाड्या पेटल्या सुद्धा. त्यामुळे लोक नव्वदच्या दशकातला थ्री-जी बसवतात, १३० अँपिअरचा, ब्रॅकेट थोडं घासावं लागतं. मीही तेच केलं. पण त्यातला खरा धडा वायरचा आहे, कंपनीची बारीक वायर तशीच ठेवून १३० चा लावणारे बरेच असतात आणि मग फ्यूज लिंक जळाली की फोरमवर येऊन रडतात. बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड केबल आणि बॅटरीजवळ मोठा फ्यूज, हे आधी.

तुमच्यासारखा मागे पंप मात्र इथे प्रश्नच नव्हता, पेट्रोल इंजिनात ब्रेकला व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधूनच मिळतो. डिझेलला इनटेकमध्ये थ्रॉटल नसतो म्हणून व्हॅक्यूम तयारच होत नाही, पंप लागतोच. त्यामुळे आमचे यूट्यूबचे व्हिडिओ बघून तुमच्या गाडीला करायला जाऊ नका.

कोल्हापुरी_साउंड
आमचा साउंडचाच धंदा. एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी, दोन १५० एएच ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरच्या) बॅटऱ्या घ्या, घरी रात्रभर चार्ज करा, सकाळी हौद्यात टाका, गाडीच्या वायरिंगला हातसुद्धा लावू नका. अल्टरनेटर आहे तो राहूदे. गाडी आपली गाडी, साउंड आपला साउंड. आमच्याकडचे छोटे सेटअप असेच चालतात.

पुणेरी_मल्टीमीटर
@कोल्हापुरी_साउंड वाईट नाही. ३९ अँपिअर चार तास म्हणजे १५६ एएच, दोन बॅटऱ्यांचे ३०० पैकी निम्मे. बसतं. पण ट्यूब्युलरचा १५० एएच हा आकडा वीस तासांच्या हळू डिस्चार्जला असतो, जोरात ओढलं की कमी मिळतो, आणि दोन वर्षांनी त्यातलाही कमी. वजन दोन्ही मिळून ११०-१२० किलो. आणि गणपतीत लागोपाठ कार्यक्रम असतील, एक विसर्जन संपवून दोन तासात दुसरं, तर चार्ज कधी करणार?

बेंजोवाला_चिपळूण
तोच प्रश्न आहे. अनंत चतुर्दशीला आम्ही दुपारी सुरू करतो ते एका वाडीतून दुसऱ्या वाडीत. घरी येतो तेव्हा उजाडलेलं असतं. आणि लाईट आमच्याकडे सांगून येते का.

निवांत_वाचक
दहा वाजता आवाज बंद करायचा असतो ना? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. उजाडेपर्यंत कसं काय?

बेंजोवाला_चिपळूण
@निवांत_वाचक हो हो, दहाला आवाज बंदच करतो, सणाचे ठराविक दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देतं तेव्हा बारा. पुढे सामान उतरव, पोरांना घरी सोड, ते सगळं धरून उजाडतं म्हणालो. लाईट मात्र चालूच असतात.

जुनाजीपवाला
२४ व्होल्टचं कोणी सांगितलं त्याच्या दुकानात परत जाऊ नका. स्टार्टर, बल्ब, वायपर, हॉर्न, सगळी गाडी १२ ची आहे, ती काय बदलणार का. वेगळं २४ चं सर्किट करायचं तर दोन अल्टरनेटर लागतील.

आमच्या जुन्या जीपला डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असायचा आणि गाडीचा सगळा करंट त्या मीटरमधून फिरून यायचा. तशा गाडीला मोठा अल्टरनेटर लावला की डॅशबोर्डच्या मागे इस्त्री ठेवल्यासारखी गत. तुमच्या पिकअपला तो नाही, सुटलात. दुसऱ्या कोणी हे वाचून जीपला करायला गेलं तर मीटर आधी बायपास करा.

वायरमन_इस्लामपूर
बरं आता माझं ऐका. तुमच्याच इंजिनवर एसीवाली बोलेरो आली. एसी म्हणजे कंडेन्सर फॅन, ब्लोअर, तवा तिला मोठा अल्टरनेटर येतोय आणि मागं पंप तसाच. तो शोधा. जुना घेताना हे बघा: कान (म्हणजे फाउंडेशनचे बोल्ट जातात ते) तुमच्या ब्रॅकेटला जुळतात का, पुलीची लाईन वॉटर पंपाच्या पुलीसोबत सरळ येते का, पुलीचा खाचा तुमच्या बेल्टचाच हाय का, पाईपांची तोंडं त्याच बाजूला हायत का. कनेक्टर वेगळा निघाला तर कापून जोडता येतो, ते काय मोठं न्हाई.

हातानं फिरवून बेरिंगचा आवाज ऐका. मागनं ऑइल गळालेलं असंल आन आतलं वायंडिंग काळं चिकाट असंल तर घेऊ नका. पंपाचं सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतंय, कार्बन ऑइलनं भिजतात, स्लिप रिंगवर थर बसतोय, मग चार्जिंग कधी होतंय कधी न्हाई. लोक कटआउट (व्होल्टेज आवरतो तो) बदलून बदलून दमतात आन रोग भलताच असतोय.

आन एक, ते "स्टेटर भरून ४५ चा ९० करून देतो" म्हणणारं कुणी भेटलं तर हात जोडा. जाड तार भरून थोडं वाढंल पण डायोड प्लेट, रोटर, फॅन सगळं ४५ चंच ऱ्हातंय. पहिल्या उन्हाळ्यात डायोड जातील.

पुणेरी_मल्टीमीटर
काकांनी सांगितलं ते करा, त्यात भर. ९० चा मिळाला तर आयडलला ३८-४० येतील. तूट राहते १३-१४ अँपिअरची. चार तासात ५५ एएच. म्हणजे नुसता अल्टरनेटर बदलून भागणार नाहीच, साउंडला वेगळी एक १५० एएच ट्यूब्युलर लागेल, पण एकच, आणि ती तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच रिकामी होईल, टिकेल. आयडल थोडं वर घेऊन हजारच्या आसपास ठेवलंत तर अल्टरनेटर ५० देईल आणि तूट जवळपास संपेल.

वायरची जाडी. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत दीड मीटर धरा. ६ स्क्वेअर एमएम वायरवर ९० अँपिअरला जवळपास ०.४ व्होल्ट वायरमध्येच गळतात आणि वायर तापते ती वेगळी. २५ स्क्वेअरला ०.१ च्या आत. १४.२ मधले ०.४ गेले म्हणजे बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. अर्थिंगला पण तेवढीच जाड केबल, इंजिन ते बॅटरी मायनस, आणि इंजिन ते चेसिसची पट्टी जुनी असेल तर नवी. १२५ चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. अल्टरनेटरच्या बोल्टला सतत करंट असतो, काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंग होईल.

आणि आत्ताच, काही विकत घ्यायच्या आधी, एक टेस्ट करा. गाडी चालू, हेडलाईट चालू, इन्व्हर्टरवर लोड. मल्टीमीटरची एक वायर अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लस दांड्यावर. ०.२-०.३ च्या वर दिसलं तर वायर किंवा लग (वायरच्या टोकाची कडी) खराब. मग एक वायर अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरी मायनसला. तिथे ०.१ च्या वर नको.

घाटकरी
बेल्टचं कोणी बोललं नाही. ९० अँपिअर १४ व्होल्टला म्हणजे तेराशे वॅट झाले, अल्टरनेटर साठ टक्क्यांच्या वर काही कार्यक्षम नसतो, म्हणजे इंजिनकडून तीन हॉर्सपॉवर मागणार. ६३ हॉर्सपॉवरच्या गाडीत तीन काही फार नाहीत पण ते एकाच व्ही बेल्टवरून जातात, आणि त्याच बेल्टवर तुमचा वॉटर पंप. बेल्ट घसरला की चार्जिंग गेलं ते राहूदे, इंजिन तापेल, ते पण वरातीत जिथे समोरून वारा नाही. अंगठ्याने मधोमध दाबून १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे, त्याहून सैल नको, त्याहून ताठ केला तर पंपाचं बेरिंग जाईल.

काहीजण अल्टरनेटरची पुली छोटी करून आरपीएम वाढवतात. व्ही बेल्टला छोट्या पुलीवर पकड कमी मिळते, मी करणार नाही.

बेंजोवाला_चिपळूण
टेस्ट केली. प्लसकडे ०.५ आलं! मायनसकडे ०.३. बॅटरीवर लोडसकट १२.३ दाखवतोय, लोड काढून रेस केला की १३.९. म्हणजे अल्टरनेटर मेलेला नाही, छोटा आहे आणि वायर पण गेलेली. आमच्या वायरमनला सांगितलं तर म्हणाला मीटर कशाला, बॅटरीचा टर्मिनल चालू गाडीत काढून बघ, बंद पडली तर अल्टरनेटर गेला.

वायरमन_इस्लामपूर
असं कुणाला करू देऊ नका!! चालू गाडीत टर्मिनल काढला की व्होल्टेज एकदम उसळतंय, बॅटरी त्याला धरून ठेवत असती ती नसती तवा. कटआउट, डायोड जातात. तुमची गाडी मेकॅनिकल हाय तर कदाचित वाचंल, कॉमन रेलवाल्याचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाईल. आन मेकॅनिकल डिझेल तर बॅटरी काढली काय अल्टरनेटर काढला काय चालतच ऱ्हाती, मग त्या टेस्टचा उपयोग तरी काय.

पुणेरी_मल्टीमीटर
दुसरी बॅटरी जोडताना दोन्ही सरळ समांतर बांधू नका, नाहीतर साउंड दोन्ही बॅटऱ्या खाईल आणि रात्री गाडी ढकलावी लागेल. मध्ये व्होल्टेज बघून चालणारा रिले टाका, व्हीएसआर म्हणतात. साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ च्या खाली गेलं की सोडतो. स्टार्टरची बॅटरी सुरक्षित.

वायरमन_इस्लामपूर
साहेब तुमचा रिले हायवेच्या गाडीला चांगला. ह्यांच्या गाडीला आयडलवर तूट असती, म्हणजे व्होल्टेज १२.८ खाली येणार, रिले सोडणार, सोडला की लोड गेला म्हणून व्होल्टेज वर, परत जोडणार. दिवसभर कट्‌ कट्‌ कट्‌. त्यापरीस डॅशबोर्डवर स्विच आन सतत चालणारा सोलेनॉइड, म्हंजी मोठा रिले. ड्रायव्हरनं व्होल्टमीटर बघायचा, खाली आला की स्विच बंद.

आन सोलेनॉइड घेताना स्टार्टरचा घेऊ नका कुणी. तो दहा सेकंदासाठी बनवलाय, चार तास ठेवला तर आतली कॉइल जळती. कंटिन्यूअस ड्युटी मागा.

पुणेरी_मल्टीमीटर
मान्य की कटकट होईल, पण वरातीत ड्रायव्हर व्होल्टमीटर बघेल यावर माझा विश्वास नाही. पुढे नाचणारी माणसं, त्यात लहान पोरं, त्याचं लक्ष तिथेच हवं. रिले विसरत नाही. आणि आयडल वर घेतलं की तो तेवढ्या वेळा सोडणारही नाही.

घाटकरी
दोन्ही लावा. व्हीएसआर आणि त्याच्या कंट्रोल वायरवर स्विच. झालं भांडण.

कोल्हापुरी_साउंड
अजून सांगतो, दोन बॅटऱ्या आणि घरचा चार्जर. पण ऐकणार कोण.

टेक्सासकर
एक शंका. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब साधाच आहे ना? बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. हौसेने तिथे एलईडी लावला असेल तर गाडी सुरू केल्यावर रेस देईपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही.

बेंजोवाला_चिपळूण
@टेक्सासकर बल्ब साधाच आहे, जुना पिवळट.

बेंजोवाला_चिपळूण
मंडळी अपडेट. उशीर झाला, आंब्याची भाडी चालू होती.

कराडला एका स्पेअरवाल्याकडे एसीवाल्या बोलेरोचा अल्टरनेटर मिळाला, प्लेटवर ९० ए, पंपासकट, वायंडिंग स्वच्छ. कान जुळले, पुलीची लाईन मात्र थोडी बाहेर येत होती, मागे वॉशर टाकून सरळ केली. इस्लामपूरच्या काकांनी फोनवर सांगितलं तसं पंपात बसवायच्या आधी तोंडातून थोडं इंजिन ऑइल घातलं, कोरडा फिरला तर पाती घासतात म्हणाले. ऑइल परत जायचा पाईप नवीन टाकला आणि कुठे मुडपणार नाही असा वळवला, तो दबला की ऑइल उलटं सीलमधून अल्टरनेटरमध्ये येतं हे पण त्यांचंच. पहिली चक्कर घरासमोरच्या चढावर, ब्रेक पूर्वीसारखा. मग रिकामी गाडी घाटात नेऊन आणली.

केबल २५ स्क्वेअरची दोन्हीकडे, लग दाबून घेतले, सोल्डर नाही. फ्यूज १२५. हौद्यात केबिनच्या मागे लोखंडी खोक्यात १५० एएच ट्यूब्युलर, तिला वेगळा फ्यूज. व्हीएसआर लावला, घाटकरी म्हणाले तसा स्विचसकट.

आकडे: आता प्लसकडे ०.१२, मायनसकडे ०.०५. आयडलला सगळा लोड टाकून बॅटरीवर १२.७ ते १२.८, आणि हो काका, रिले कट्‌ कट्‌ करतोच. आयडलचा स्क्रू फिरवून हजारच्या जरा वर नेला तर १३.३-१३.४ धरतो आणि रिले गप्प. एका मित्राकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर होता, त्याने अल्टरनेटरच्या केबलवर लावून बघितलं, गरम इंजिनला ४८ अँपिअर. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, माझ्याकडचा शून्यच दाखवत होता, मी घाबरलो की गेला कामातून.)

आता नवीन कटकट. स्पीकरमधून कुईंsss असा आवाज येतो आणि रेस दिला की वाढतो. कीबोर्ड गप्प असला की जास्त ऐकू येतो.

कोल्हापुरी_साउंड
आता आमच्या खात्यात आलात. तो अल्टरनेटरचा आवाज आहे. इन्व्हर्टरचा मायनस कुठे जोडलाय? हौद्याच्या बॉडीला असेल तर काढा आणि थेट ट्यूब्युलरच्या मायनस दांड्यावर न्या. मिक्सर, अॅम्प, कीबोर्ड सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी. बॉडीमधून फिरणारा करंट सिग्नलच्या वायरमध्ये शिरतो. सिग्नलच्या वायरी आणि पॉवरच्या वायरी एकत्र बांधल्या असतील तर वेगळ्या करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

हे करून पण हूंऽऽ असा एकसारखा आवाज राहिला, जो रेसने बदलत नाही, तर तो चायनीज इन्व्हर्टरचा आहे. मॉडिफाइड साईन असेल, म्हणजे एसीची लाट गोल नसून पायऱ्यापायऱ्यांची. प्युअर साईनचा घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही.

बेंजोवाला_चिपळूण
दोन्ही खरं ठरलं साहेब. मायनस हलवला, कुईं गेलं. हूं राहिलाय. इन्व्हर्टर पुढच्या हंगामात बघू, वाजायला लागलं की हूं कोणाला ऐकू येत नाही.

मच्छीवाला_गुहागर
धागा सगळा वाचला. माझी टाटा २०७ आहे, मासळीची. हौद्यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रीझर ठेवायचाय, पहाटे लिलावापासून चिपळूण बाजारापर्यंत. मला पण ९० करावा लागेल का?

पुणेरी_मल्टीमीटर
तुमचं गणित वेगळं आहे. तसले छोटे फ्रीझर कॉम्प्रेसर चालू असताना पाच-सहा अँपिअरच्या आसपास घेतात आणि मध्ये मध्ये बंद होतात, आणि तुमची गाडी पळती असते. आहे तो अल्टरनेटर बहुतेक पुरेल. वरची व्होल्टेजची टेस्ट करा, केबल-अर्थिंग नीट करा, आणि गाडी बंद असताना फ्रीझर स्टार्टरची बॅटरी खाणार नाही एवढं बघा. बर्फ टाकणार असाल तर त्याचं पाणी बॅटरीच्या खोक्याकडे आणि लगवर येऊ देऊ नका. मासळीचं खारं पाणी तांब्याला फार लवकर हिरवं करतं.

मच्छीवाला_गुहागर
बरं. पंप बिंप काही हलवायचं नाही ना मग?

वायरमन_इस्लामपूर
कायबी न्हाई. फकस्त मागनं ऑइल गळतंय का तेवढं बघून घ्या. आन @बेंजोवाला तुमचा बेल्ट नवीन हाय, पयल्या आठवड्यात ताणतोय, परत एकदा दाबून बघा आन टाईट करा. लगचे नट पण.

बेंजोवाला_चिपळूण
बघतो काका. उद्या एक हळद आहे सावर्ड्याला, त्याआधीच करतो.